‘प्रवाळ’ म्हणजे पोवळे की पालवी ?

आषाढीच्या वाटेवर वेळापूरचा मुक्काम होता. साल २०२३. पाऊस लांबला होता आणि राहुट्यांतून उकाडा मी म्हणत होता. कीर्तन आटोपून पाठ टेकतो न टेकतो तोच पन्नाशीच्या आसपासचे एक माळकरी दाराशी येऊन उभे राहिले. “माउली, जागं हाय का ?” म्हटले, “या, बसा.” बसले, पण बोलेनात. मग बंडीच्या खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. चिठ्ठीत लिहिले होते : पोवळे, सहा रत्ती, सोन्यात अथवा तांब्यात, मंगळवारी सकाळी अनामिकेत.

“थोरल्या पोरीचं जमंना म्हाराज. पत्रिकेत मंगळ हाय म्हनत्यात. ज्यानं पत्रिका बघितली त्यानंच खडा बी द्यायचं कबूल केलंय. दोन शेरडं इकली, निम्मं पैसं दिलं. निम्मं वारीवरनं गेल्यावर द्यायचं.”

“मग अडचण कसली ?”

“पोरीच्या गळ्यात तुळशीची माळ हाय. धा वर्साची असताना पंढरीत घातल्याली. ती काढून ठेवा म्हनला. माळेनं खड्याचा गुन मरतो म्हनं. पोरगी म्हनती, मी माळ काढनार न्हाई. तिची आई म्हनती, काढ. घरात चूल पेटंना झालीया.”

एवढे बोलून ते थांबले आणि मग एकदम म्हणाले, “आनि आज तुमी कीर्तनात म्हनला, विषय म्हंजी झाडाची पालवी. आमच्या गीतेच्या पोथीत तिथं ‘प्रवाळ’ लिवलंय. मंग प्रवाळ म्हंजी पोवळं, का पालवी ?”

वाचकहो, त्या रात्री जमले तेवढे सांगितले. परंतु हा दुसरा प्रश्न राहुटीत बसून दहा मिनिटांत उलगडण्यासारखा नव्हता. ‘मासिकात सविस्तर लिहीन’ असा शब्द दिला होता, तो आज पाळीत आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच यावयाचे आहे, म्हणून थोडा धीर धरावा.

प्रथम शब्द पाहू. संस्कृतात ‘प्रवाल’ असे लिहितात, ‘प्रबाल’ असेही लिहितात. आपण मराठीत ल चा ळ करून ‘प्रवाळ’ म्हणतो. हाच शब्द प्राकृतात ‘पवाल’ झाला आणि तेथून आपले घरगुती ‘पोवळे’ निघाले. कानडी मंडळी त्याला ‘हवळ’ म्हणतात, तामिळ लोक ‘पवळम्’ म्हणतात, गुजरातेत ‘परवाळुं’. सगळी एकाच आईची लेकरे. हिंदीतले ‘मूंगा’ मात्र निराळ्या घरचे, आणि फारसी-अरबी ‘मर्जान’ त्याहून निराळे.

पाठशाळेत आम्हांस अमरकोश पाठ करावा लागे. सकाळी घोकायचा, संध्याकाळी म्हणून दाखवायचा, चुकला तर पुन्हा वर्गाच्या पहिल्या श्लोकापासून. त्या अमरकोशात हा एक शब्द तीन ठिकाणी भेटतो. वैश्यवर्गात रत्ने व धातू मोजताना ‘विद्रुम’ या शब्दाच्या जोडीला तो येतो. तेथे तो पोवळे. नानार्थवर्गात, म्हणजे एका शब्दाचे अनेक अर्थ जेथे दिले आहेत तेथे, त्याचा अर्थ अंकुर, कोवळा फुटवा. आणि तिसरे ठिकाण आपल्या मंडळींना ऐकून नवल वाटेल : नाट्यवर्गात वीणेच्या दांड्याला ‘प्रवाल’ म्हटले आहे. भोपळ्यापासून वर गेलेला जो दांडा, ज्यावर तारा ताणलेल्या असतात, तो प्रवाल. आपल्या कीर्तनात वीणेकरी वीणा गळ्यात घालून उभे असतात, त्यांच्या हातात जे असते तेही प्रवाळच ! पोवळ्याचा एक मणी गाठीशी नसलेला वारकरीसुद्धा प्रवाळ हाती धरून नाचतो, असे कोणी म्हटले तर ते कोशाला सोडून होणार नाही.

या तिन्ही अर्थांत मूळ कोणते ? टीकाकार ‘प्र’ उपसर्ग आणि ‘बल्’ किंवा ‘वल्’ धातू अशी फोड करतात. जे जोमाने वर येते ते. मला स्वतःला वाटते की अंकुर हाच आधीचा अर्थ असावा. समुद्राच्या तळाशी खडकावर तांबड्या फांद्या-फांद्यांचे झुडूप उभे पाहून दर्यावर्दी लोकांना झाडाच्या तांबूस फुटव्याची आठवण झाली असेल, आणि फुटव्याचेच नाव त्याला पडले असेल. आंब्याची, पिंपळाची नवी पालवी आठवा. ती हिरवी नसते, तांबूस असते, उन्हात धरली तर चकाकते.

आता दुसरा शब्द ‘विद्रुम’. यातही झाड आहेच, द्रुम म्हणजे झाड. ‘विशिष्ट द्रुम तो विद्रुम’ असा विग्रह करतात. परंतु ‘वि’ हा उपसर्ग मोठा खट्याळ. ‘विशेष’ असाही त्याचा अर्थ, आणि ‘विगत’, म्हणजे गेलेला, नसलेला, असाही. म्हणून संस्कृत कवींनी ‘विद्रुम’ शब्दावर पुष्कळ कोट्या केल्या आहेत : एका अर्थी पोवळे, दुसऱ्या अर्थी झाडाचा पत्ता नसलेला उजाड माळ. कोटी करणाऱ्यांना ठाऊक नव्हते, पण दुसरा विग्रहच पुढे खरा ठरला. पोवळे हे झाड नव्हेच.

हे कसे कळले तेही सांगतो. युरोपात अठराव्या शतकाच्या आरंभी मार्सिली नावाच्या एका इटालियन गृहस्थांनी ताजे पोवळे समुद्राच्या पाण्यात ठेवून पाहिले. त्याच्या फांद्यांवर आठ-आठ पाकळ्यांची बारीक पांढरी फुले उमललेली दिसली. झाले, पोवळे हे झाडच, असे सर्वांनी ठरविले. पुढे १७२० नंतरच्या वर्षांत मार्सेयच्या पेसोनेल नावाच्या वैद्यांनी तीच फुले पुन्हा बारकाईने पाहिली आणि सांगितले की ही फुले नव्हेत, हे जीव आहेत. पाकळ्या म्हणता त्या त्यांच्या भुजा. पॅरिसच्या विद्वत्सभेत त्यांचे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही. पुढे पंधरा-वीस वर्षांनी इतरांच्या संशोधनाने तेच खरे ठरले. आज लहान मुलांच्या पुस्तकातसुद्धा आहे की पोवळे म्हणजे असंख्य सूक्ष्म प्राण्यांनी मिळून बांधलेला सांगाडा आहे. द्रव्य चुन्याचेच. शंख, शिंपला आणि खडू ज्या द्रव्याचे, त्याच द्रव्याचे पोवळे. तांबडे पोवळे इतके सावकाश वाढते की वर्षाकाठी त्याची जाडी एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. करंगळीएवढी फांदी म्हणजे कित्येक पिढ्यांचे काम.

शब्दार्थाच्या घोळाकडे परत येतो. कालिदासाने हा घोळ एका श्लोकात असा काही सोडविला आहे की पाठशाळेत गुरुजींनी तो शिकविला तेव्हा आम्ही मुले चकित झालो. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात पार्वतीच्या हास्याचे वर्णन आहे. तांबूस ओठांवर पसरलेल्या शुभ्र हास्याला उपमा काय द्यावी ? कवी दोन उपमा देतो. कोवळ्या पालवीवर पांढरे फूल ठेवले तर, अथवा स्वच्छ पोवळ्यावर मोती ठेवला तर. यातील पालवीसाठी त्याने ‘प्रवाल’ वापरला आहे आणि पोवळ्यासाठी ‘विद्रुम’. एकाच श्लोकात दोघांची वाटणी करून दिली. रघुवंशाच्या तेराव्या सर्गात श्रीराम विमानातून सीतामाईला समुद्र दाखवितात. तेथे लाटेच्या तडाख्याने शंखांचा थवा पोवळ्यांच्या उभ्या टोकांवर आदळतो, तोंडे टोकांत अडकतात आणि ते शंख मोठ्या कष्टाने सुटून जातात, असे वर्णन आहे. तेथेही शब्द ‘विद्रुम’च आहे, आणि त्याच्या टोकांना कवीने ‘अंकुर’ म्हटले आहे. ज्याने हे लिहिले त्याने पोवळ्याची फांदी हाती घेऊन पाहिली होती, याबद्दल माझ्या मनात संशय नाही.

पण सगळेच ग्रंथकार कालिदासासारखे वाटणी करून देत नाहीत. तेथे वाचणाऱ्याला मागचा-पुढचा संदर्भ पाहावा लागतो, आणि न पाहिला तर काय होते ते मी स्वतः भोगले आहे.

माझे वय तेव्हा तेवीस. पाठशाळेतून नुकताच बाहेर पडलो होतो, अंगात विद्येचा वारा होता. एका गावी सप्ताहात कीर्तन मिळाले. निरूपणाला गीतेच्या पंधराव्या अध्यायाचा आधार घेतला. भगवंतांनी तेथे संसाराचा अश्वत्थ वृक्ष सांगितला आहे : मूळ वर, फांद्या खाली, गुणांच्या पाण्यावर पोसलेल्या. त्या फांद्यांना एक विशेषण आहे, ‘विषयप्रवालाः’. मी काय केले ? विषय हीच पोवळी, असा अर्थ लावून तासभर रंगविला. पोवळे दिसते सुंदर, मूळ पाहू जाता समुद्रातल्या किड्याचे घर. पोवळे तांबडे, काम-क्रोधही तांबडे. पोवळे महाग, विषयही महागात पडतो. टाळ्या पडल्या. मी खूष.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकड्यानंतर तेथले वीणेकरी मला विहिरीपाशी भेटले. सत्तरीचे, अक्षरशत्रू, आयुष्यभर पानमळ्यात राबलेले. म्हणाले, “बुवा, राग मानू नका. येक इचारू ?” म्हटले, “विचारा.”

“झाडाला पोवळी लागत्यात का हो ?”

मी गप्प.

“न्हाई, भगवंतानं झाड म्हनलं, मूळ म्हनलं, फांद्या म्हनल्या. मंग मधीच पोवळी कशी आली ? ज्यानं येवढं झाड लावलं तो फांदीला पालवी लावंल, का सोनाराचं दुकान मांडंल ?”

अंगावर काटा आला. अमरकोशातला नानार्थवर्ग मला पाठ होता, त्यांना ठाऊकही नव्हता. तरी अर्थ त्यांना लागला आणि मला लागला नाही. मग घरी येऊन शांकरभाष्य उघडले. आचार्यांनी स्पष्ट सांगितले आहे की शब्दादी विषय हे अंकुरासारखे फांद्यांतून फुटतात, म्हणून त्या फांद्या विषयप्रवाल. परीक्षेसाठी हे भाष्य मी एकदा वाचले होते. वाचले होते इतकेच.

वीणेकरीबाबांचे बोलणे तेथे संपले नव्हते. पुढे जे म्हणाले ते मी गेली चाळीस वर्षे कीर्तनात सांगत आलो आहे. म्हणाले, “पोवळं आसतं तर बरं झालं आसतं बुवा. काढून फेकलं की झालं. पालवीचं तसं न्हाई. पालवी खुडली की झाड दुपटीनं फुटतं. आमी मळ्यात शेंडा खुडतो तो येल वाढावा म्हनून.”

पहा, अर्थ बदलला की साधना कशी बदलते ! विषय जर पोवळे असेल तर तो बाहेरची वस्तू झाला. हे टाकले, ते सोडले, की सुटलो. पण विषय ही पालवी असेल तर एकेक पान खुडून काही साधत नाही. तंबाखू सोडली की त्या सोडण्याचा अभिमान फुटतो. अभिमान दाबावा तर ‘मी किती नम्र’ ही पालवी फुटते. म्हणूनच भगवंत पुढच्याच श्लोकात पाने खुडावयास सांगत नाहीत. असंगाचे बळकट शस्त्र घेऊन घट्ट मुळे धरलेला तो अश्वत्थच तोडावयास सांगतात. माउलींनी पंधराव्या अध्यायात हा वृक्ष मूळ, फांद्या आणि पालवीसकट किती विस्ताराने उभा केला आहे ! इतका विस्तार कशासाठी ? पानापानाशी झगडणारा साधक किती ठिकाणी फसतो हे दाखविण्यासाठी, असे मला वाटते. ज्यांच्या पोथीत ‘विषयरूपी पोवळी’ असा अर्थ कोणी समासात लिहून ठेवला असेल त्यांनी तो खोडावा.

परंतु माणूस एका खड्ड्यातून निघाला की दुसऱ्यात पडतो. त्या दिवसापासून मला जिकडे तिकडे पालवीच दिसू लागली. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात गणेशाचे रूपक आहे. सगळे वाङ्मय म्हणजे गणेशाची मूर्ती. त्यात विवेक ही सोंड, संवाद हा दात, दोन्ही मीमांसा हे दोन कान, आणि बोधरूपी मदाचा रस पिणारे मुनी हे भुंगे. त्यानंतर, बहुतेक प्रतींत सतराव्या ओवीत, द्वैत आणि अद्वैत ही गजाची दोन गंडस्थळे सारखेपणाने एकत्र आलेली सांगितली आहेत, आणि त्यांना प्रमेयांच्या प्रवाळाची कांती दिली आहे. पुढच्या ओवीत दहा उपनिषदांची फुले मुकुटावर शोभतात. मी म्हटले, वा ! आधी भुंगे आहेत, नंतर फुले आहेत, तेव्हा मध्ये पालवीच हवी. आणि काही वर्षे तसे सांगतही राहिलो.

पुढे एकदा सावकाश वाचताना ध्यानात आले की माउलींनी तेथे प्रभेचा, तेजाचा शब्द जोडला आहे. शिवाय जागा हत्तीच्या गंडस्थळाची आहे. मिरवणुकीच्या हत्तीच्या मस्तकावर शेंदूर चढवितात, तांबडे रत्न झळकवितात, पानांचा फुटवा कोणी चिकटवीत नाही. टीकाकारही तेथे पोवळेच घेतात, आणि ते बरोबर आहे. प्रमेय म्हणजे प्रमाणांनी सिद्ध झालेली वस्तू. ती पालवीसारखी उद्या सुकणारी नव्हे, ती पोवळ्यासारखी टणक आणि झळझळीत. आणि द्वैताच्या गंडस्थळावर एक पोवळे व अद्वैताच्या गंडस्थळावर दुसरे, असे नाही. झळाळी दोन्हींवर एकच. वारकरी देव आणि भक्त असे दोन ठेवून भजन करतो आणि आतून एक असतो, ते या दोन गंडस्थळांत पाहावे. तेव्हा पंधराव्यात पालवी आणि पहिल्यात पोवळे. शब्द एकच, पण शेजारी कोण बसले आहे त्यावर त्याचा अर्थ ठरतो.

आता व्यवहारातले पोवळे. हा भाग मी लवकर आटोपणार होतो, पण त्या माळकरी बाबांच्या चिठ्ठीसाठी थोडे सांगितले पाहिजे.

अंगठीत बसवितात ते तांबडे पोवळे आपल्या समुद्रातले नव्हे. ते मुख्यत्वे युरोप आणि आफ्रिका यांच्या मधल्या भूमध्य समुद्रातले, आणि काही जपान-तैवानच्या बाजूचे. इटलीत तोरे देल ग्रेको म्हणून गाव आहे, तेथे पोवळे घडविण्याचा धंदा पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. रोमन लोकांच्या काळी पोवळे जहाजांतून भडोचच्या बंदरात उतरत असे, हे त्या वेळच्या एका ग्रीक दर्यावर्द्याने लिहून ठेवले आहे. प्लिनी नावाचा रोमन ग्रंथकार म्हणतो की आमच्याकडे मोत्यांची जशी किंमत तशी हिंदुस्थानात पोवळ्यांची. सतराव्या-अठराव्या शतकांत इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातून पोवळे गोव्याला येई आणि त्याच्या बदल्यात इकडून हिरे जात. म्हणजे आपण हिरे देऊन पोवळी घेत होतो ! कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खजिन्यात घ्यावयाच्या रत्नांत पोवळे आहे, आणि किडीने पोखरलेले घेऊ नये अशी ताकीदही आहे.

गरुडपुराण वेगळेच सांगते. बल नावाच्या असुराच्या देहापासून सगळी रत्ने झाली, दातांचे मोती झाले, आणि आतड्यांचे पोवळे झाले. कथा म्हणून ऐकावी. तरी ज्यांना पोवळ्याच्या पावित्र्याचा फार अभिमान असेल त्यांनी ती जरूर ऐकावी.

ज्योतिषात नवग्रहांना नऊ रत्ने लावून दिली आहेत, त्यांत मंगळाला पोवळे. मंगळ तांबडा, पोवळे तांबडे, असा हा मेळ. कानडी व तेलुगू घरांतल्या सवाष्णींच्या मंगळसूत्रात काळ्या मण्यांत पोवळ्याचे मणी ओवलेले असतात. आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या बाजारात ते सहज दिसतात, आणि त्यांना दोष लावण्याचे काही कारण नाही. वैद्य प्रवाळभस्म देतात. गुलाबपाण्यात खलून केलेली प्रवाळपिष्टी देतात. पोवळे, मोती, शंख, मोत्याची शिंप आणि कवडी मिळून प्रवाळपंचामृत होते. ही औषधे वैद्याच्या सांगण्यावरूनच घ्यावीत, यात्रेतल्या पथारीवरची पुडी घेऊ नये. पोवळा नावाचा एक बारीक सापही आहे, पोटाकडून पोवळ्याच्या रंगाचा. दिसतो गांडुळासारखा निरुपद्रवी, पण विषारी आहे. वाटेत दगड उचलून चूल मांडणाऱ्या दिंडीकऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आणि आपल्या पारिजातकाला तामिळ लोक ‘पवळमल्ली’ म्हणतात, म्हणजे पोवळ्याच्या देठाची मोगरी. सत्यभामेने ज्यासाठी हट्ट धरला त्या फुलाच्या देठात पोवळे आहे, हे मला त्या भाषेनेच दाखविले. पहाटे सडा वेचताना आता ते नाव आठवल्याशिवाय राहात नाही.

आपल्या कोकण किनाऱ्यावर, मालवणला सिंधुदुर्गाच्या भोवती, पाण्याखाली पोवळ्याच्या जातीचे जीव आहेत. लक्षद्वीपची बेटे तर त्यांच्याच सांगाड्यांची बनलेली आहेत. हे निराळ्या जातीचे, खडक बांधणारे. अंगठीतले नव्हेत. समुद्र तापला की हे जीव पांढरे पडतात आणि पुष्कळदा मरतात. लक्षद्वीपात १९९८, २०१० आणि २०१६ साली तसे झाले. असे पोवळे तोडणे, विकणे हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. म्हणून कोणी ‘मालवणचे अस्सल पोवळे’ म्हणून विकू लागला तर दोन्हींकडून संशय घ्यावा : एक तर ते खोटे, नाहीतर चोरीचे.

खोट्याविषयी एवढेच सांगतो. बाजारात काचेची, लाखेची, प्लास्टिकची पोवळी उदंड आहेत. पोवळे चुन्याच्या जातीचे असल्यामुळे त्यावर तेज आंबट थेंब पडला तर बारीक बुडबुडे येतात. काचेवर येत नाहीत. पण या परीक्षेने मण्याची झिलई जाते, आणि रंगवलेला शिंपला किंवा संगमरवरही तसाच फसफसतो. म्हणजे बुडबुडे आले नाहीत तर नक्की खोटे, आले तरी खरेच असे नाही. पोवळे गाईच्या दुधात टाकले की दूध तांबूस होते असे जे सांगतात त्यावर मुळीच जाऊ नये. दूध तांबूस झाले तर रंग सुटला असे समजावे.

आता त्या बाबांचा पहिला प्रश्न. माळ काढावी का ?

मी त्यांना म्हटले, “बाबा, मंगळाला पोवळे हे ज्योतिषाच्या ग्रंथांत आहे. तुमचा विश्वास असेल तर घाला, नसेल तर घालू नका. त्याबद्दल मी तुमच्याशी भांडणार नाही. पण तुळशीने पोवळ्याचा गुण मरतो हे मी कोठल्याही ग्रंथात वाचलेले नाही. गणपतीच्या, देवीच्या उपासनेत पोवळ्याच्या माळेवर जप करतात, विष्णूच्या उपासनेत तुळशीवर. माळा दोन झाल्या, पण त्यांचे वैर कोणी सांगितलेले नाही. जो खडा तुळशीसमोर टिकत नाही तो मंगळासमोर काय टिकणार ?”

बाबा हसले. मी म्हटले, “आणखी एक. माळ ही खड्यासारखी फळ येण्यासाठी घातलेली नाही. एकादशी, वारी, मद्यमांसाचा त्याग हा शब्द दिला, त्याची ती खूण. खडा परत करता येतो, पैसे बुडतात एवढेच. दिलेला शब्द कोणाकडे परत करणार ? आणि पोरगी स्वतः नाही म्हणते ना ? दहाव्या वर्षी घातलेली माळ ती आज स्वतःच्या अकलेने राखते आहे. असे असता घरातल्या मोठ्या माणसांनी तिला ती काढावयास लावावी, हे मला पटत नाही.”

“पर तिची आई ऐकायची न्हाई.”

“आईला म्हणावे, माझ्याशी बोला. पंढरीत तुमची दिंडी जेथे उतरेल तेथे मी येतो.”

दशमीला गेलो. बाई आधी डोक्यावरचा पदर सावरून नुसत्याच बसल्या. मग म्हणाल्या, “म्हाराज, माळंवर माझा राग न्हाई. पोरीच्या जन्माचं कसं व्हायचं ह्येची भीती वाटती.” यावर माझ्यापाशी शास्त्र नव्हते. अमरकोशात भीतीला नावे आहेत, औषध नाही. मी म्हटले, “बाई, भीती खरी आहे. पण मंगळाची भीती ज्याने घातली त्यानेच खडा विकला, एवढे एकदा मनाशी धरून पहा.” बाईंनी उत्तर दिले नाही. मुलगी मागे उभी होती. तिने मध्येच विचारले, “महाराज, वीणेच्या दांड्याला प्रवाळ म्हणतात हे खरं का ?” बाबांनी वाटेत तिला फोनवरून सांगितले होते म्हणे. म्हटले, खरे. ती म्हणाली, “मग एकदा हातात घेऊन बघते.” वीणेकऱ्यांनी वीणा तिच्या गळ्यात घातली. पोर घटकाभर तशीच उभी होती, आणि आई तिच्याकडे पाहात होती.

कार्तिकीला बाबा पुन्हा भेटले. उरलेले निम्मे पैसे त्यांनी दिले नाहीत. आधीचे निम्मे परत आले नाहीत, बऱ्याच कटकटीनंतर त्यांच्या मोबदल्यात एक खडा मात्र हाती आला. मुलीने त्यावर लिंबू पिळून पाहिले. एक बुडबुडा आला नाही. धाकट्या भावाने तो आपल्या गोट्यांच्या डब्यात टाकला. माळ गळ्यातच आहे. लग्न अजून जमावयाचे होते, एक स्थळ माढ्याकडचे येऊन गेले होते आणि त्या मंडळींनी पत्रिका मागितली नव्हती.